ऑक्सफर्ड-केंब्रिजचे खेळ : त्यातून घ्यावे काय आणि टाकावे काय?

दरवर्षी वसंत ऋतूत एक दिवस लंडन शहरी थेम्स नदीच्या दोन्ही तीरांवर हजारो माणसे दाटीवाटीने उभी राहतात आणि पटनीपासून मॉर्टलेकपर्यंत दोन लांबट, अरुंद नौका एकमेकींशी चुरस करीत जाताना पाहतात. अंतर ४ मैल ३७४ यार्ड, म्हणजे सुमारे ६.८ किलोमीटर. प्रत्येक नौकेत आठ वल्हेकरी आणि एक सुकाणू धरणारा. सतरा-अठरा मिनिटांत निकाल लागतो. जिंकणाऱ्यास पैशाचे बक्षीस नाही, हरणाऱ्यास दंड नाही. तरीही या शर्यतीचे वर्तमान देशोदेशीच्या पत्रांत छापून येते. कारण एका नौकेत ऑक्सफर्डचे विद्यार्थी असतात व दुसरीत केंब्रिजचे.

या शर्यतीकडे पाहण्याच्या आमच्या सुशिक्षित वर्गात दोन तऱ्हा आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, ही श्रीमंतांच्या मुलांची हौस आहे. आम्हास तिच्याशी कर्तव्य काय? दुसरा पक्ष असे मानतो की, इंग्रजांच्या मोठेपणाची किल्ली या मैदानांत व या नद्यांतच दडलेली आहे आणि आम्ही ती जशीच्या तशी उचलून आणिली म्हणजे आमचे कुलूप उघडेल. आम्हास ही दोन्ही मते एकांगी वाटतात. सोने कसास लावल्यावाचून घ्यावयाचे नाही आणि पिवळे दिसले म्हणून फेकूनही द्यावयाचे नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. या दोन विद्यापीठांच्या क्रीडापरंपरेत एक भाग अस्सल सोन्याचा आहे व एक निव्वळ मुलाम्याचा. सोने हे की, तेथील खेळांचा कारभार विद्यार्थ्यांनी स्वतः उभा केला आणि स्वतः चालविला. मुलामा हा की, त्या खेळांच्या दारावर कूळ, धंदा, वर्ण व लिंग पाहून आत सोडणारे पहारेकरी पिढ्यान्‌पिढ्या बसविण्यात आले. अनुकरण करताना आमच्या हाती बहुधा मुलामाच लागतो, हे आमचे दुःख आहे. आणि तेवढ्यासाठीच आजचा लेख आहे.

मराठी वाचकांस केंब्रिज हे नाव अपरिचित नाही. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथील गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, तेव्हापासून 'रँग्लर' हा शब्दच आमच्या भाषेत पदवीसारखा रुळला. पण त्या विद्यापीठाची परीक्षा तेवढी आमच्या लक्षात राहिली. परीक्षेवाचून उरलेला जो विद्यार्थ्याचा दिवस, त्याचे तेथे काय होते, याची चौकशी आम्ही फारशी केली नाही. यास एक ऐतिहासिक कारणही आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, ती ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या धर्तीवर नव्हे, तर लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा घेणे व पदव्या देणे हे त्यांचे मुख्य काम. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये विद्यार्थी कॉलेजातच राहतो, तेथेच जेवतो, तेथेच शिकतो. तेव्हा त्याचा खेळही त्या कॉलेजातच जन्मास येतो. आमच्या वाट्यास परीक्षा आली, सहवास आला नाही. आणि सहवासावाचून खेळाची परंपरा म्हणजे मुळावाचून झाड.

आता हे सोने कोणत्या खाणीतले ते पाहू. १८२७ साली या दोन विद्यापीठांत क्रिकेटचा पहिला सामना लॉर्ड्‌सच्या मैदानावर झाला. पावसामुळे तो अनिर्णित राहिला. तो घडवून आणण्यात चार्ल्स वर्डस्वर्थ नावाच्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याचा पुढाकार होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८२९ च्या जूनमध्ये, याच वर्डस्वर्थने आणि केंब्रिजास शिकत असलेल्या चार्ल्स मेरिव्हेल या त्याच्या शाळासोबत्याने मिळून नौकांची पहिली शर्यत ठरविली. ती हेन्ले येथे झाली आणि ऑक्सफर्डने जिंकली. दुसरी शर्यत १८३६ साली झाली. १८४५ पासून ती पटनी ते मॉर्टलेक या मार्गावर आली आणि १८५६ पासून महायुद्धांचा काळ वगळता ती दरवर्षी होऊ लागली. पुढे २०२० साली महामारीमुळे तिच्यात आणखी एक खंड पडला. या साऱ्या प्रकरणात कुलगुरूंचे आज्ञापत्र नव्हते, सरकारचा ठराव नव्हता, कोणा धनिकाची देणगीही नव्हती. दोन मित्रांस वाटले, त्यांनी एकमेकांस आव्हान दिले, आणि एवढ्यातून एक संस्था उभी राहिली.

परंतु थेम्सवरची ती शर्यत हे केवळ शिखर आहे. पाया पाहावयाचा असेल, तर या दोन गावांच्या स्वतःच्या नद्यांवर गेले पाहिजे. ऑक्सफर्डला थेम्सचाच एक भाग आयसिस या नावाने वाहतो आणि केंब्रिजला कॅम. दोन्ही पात्रे अशी अरुंद की, अनेक नौकांनी शेजारी शेजारी धावणे शक्य नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी एक युक्ती काढिली. नौका एकीमागे एक, ठरावीक अंतर सोडून उभ्या करावयाच्या; तोफेचा आवाज झाला की सर्वांनी एकदम वल्ही मारावयाची; मागच्या नौकेने पुढचीस टक्कर दिली की दुसऱ्या दिवशी त्या दोघींनी जागा बदलावयाच्या. असे काही दिवस चालते आणि अखेरीस जी सर्वांपुढे राहील ती 'नदीची शिरोमणी'. यातली खरी गंमत पुढेच आहे. वर्ष संपले म्हणून हिशेब मिटत नाही. यंदा ज्या जागी कॉलेजची नौका थांबली, त्याच जागेवरून पुढच्या वर्षीची नौका निघते; मग तीत बसणारे सगळे गडी नवे असले तरी चालेल. आमच्या पेढीवर मागील सालची बाकी नव्या चोपडीत ओढतात ना, तसेच हे. पूर्वीच्या मुलांनी कमावलेले नंतरच्यांस मिळते, आणि त्यांनी गमावलेले यांस फेडावे लागते. परंपरा म्हणतात ती हीच. ती व्याख्यानाने निर्माण होत नाही, बाकी पुढे ओढल्याने होते.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येक कॉलेजचा स्वतःचा नौकाक्लब असतो आणि त्याचा कप्तान विद्यार्थ्यांतूनच निवडलेला असतो. एकेका कॉलेजच्या पहिल्या नौकेमागे दुसरी असते, दुसरीमागे तिसरी. आणि ज्यांनी कॉलेजात येण्यापूर्वी आयुष्यात कधी वल्हे हाती धरले नव्हते, असेही पुष्कळ जण त्या मागच्या नौकांत असतात. क्रिकेट, फुटबॉल वगैरे खेळांतही कॉलेजाकॉलेजांचे सामने असेच चालतात. म्हणजे ज्याला विद्यापीठाच्या संघात जागा मिळून 'ब्लू' हा मान मिळतो, तो एक. आणि त्याच्यामागे निव्वळ घाम गाळण्यासाठी उतरणारे शेकडो. 'ब्लू' या शब्दाचा उगमही असाच साधा आहे. १८३६ च्या शर्यतीच्या वेळी केंब्रिजच्या नौकेस लावण्यासाठी ऐन वेळी एका दुकानातून फिकट निळी फीत विकत आणिली; ऑक्सफर्डने गडद निळा रंग आपलासा केला होता. त्या चार पैशांच्या फितीतून एवढा मोठा मान जन्मास आला.

आम्ही व्यवसायाने कायद्याशी संबंध ठेवणारे आहोत, म्हणून आम्हास या परंपरेतील एक प्रसंग विशेष मोलाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केंब्रिजात जे विद्यार्थी येत, ते निरनिराळ्या शाळांतून आलेले असत आणि प्रत्येक शाळेचे फुटबॉलचे नियम वेगळे. कोणी चेंडू हाताने धरी, कोणी पायाखेरीज त्यास शिवू देत नसे. मग खेळाऐवजी भांडण होई. १८४८ साली निरनिराळ्या शाळांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि कित्येक तास वाद घालून त्यांनी सर्वांस मान्य होतील असे नियम लिहून काढले. पार्कर्स पीस नावाच्या सार्वजनिक मैदानावर, जेथे ते खेळत, तेथे त्या नियमांच्या प्रती लाविल्या गेल्या. पुढे १८६३ साली लंडनात फुटबॉल असोसिएशनने आपले नियम ठरविले, तेव्हा केंब्रिजच्या नियमांचा त्यांवर मोठा परिणाम झाला. आज अखिल जगात जो खेळ खेळला जातो, त्याच्या कायद्याचा एक मुख्य झरा असा वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या बैठकीत सापडतो. आपल्यावर चालणारा नियम आपणच वाद करून ठरवावा, लिहून काढावा, सर्वांस दिसेल असा लावावा आणि मग तो आपल्याविरुद्ध गेला तरी पाळावा, यालाच मोठ्या भाषेत स्वराज्य म्हणतात. हा धडा परकीय आहे असेही नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले, तेव्हा गावोगाव वेगवेगळ्या तऱ्हेने चालणाऱ्या आमच्या खेळास तशीच एक लिखित शिस्त लाभली. बुद्धी आमच्याकडेही आहे. विद्यापीठांनी तिला वाव द्यावयास हवा एवढेच.

विद्यार्थ्यांच्या हाती कारभार दिल्याने काय होते, याचा आणखी एक पुरावा ऑक्सफर्डच्या इफ्ले रोडवरच्या धावपट्टीवर आहे. ती धावपट्टी पूर्वी ओबडधोबड होती आणि एक मैल पुरा होण्यास तिच्या तीन फेऱ्या लागत. रॉजर बॅनिस्टर हा विद्यार्थी तेथील अ‍ॅथलेटिक क्लबाचा अध्यक्ष झाला, तेव्हा त्याने खटपट करून तिच्या जागी ४४० यार्डांची नवी धावपट्टी करविली. ती १९५० साली तयार झाली. पुढे तोच बॅनिस्टर लंडनात वैद्यकीचा अभ्यास करीत असता ६ मे १९५४ रोजी त्याच धावपट्टीवर धावला. ऑक्सफर्डचा ख्रिस चॅटवे आणि केंब्रिजचा ख्रिस ब्रॅशर या दोघा मित्रांनी पुढे धावून त्यास गती दिली, आणि त्याने एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पुरा केला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला मनुष्य. पुढे तो मज्जातंतूंचा नामांकित वैद्य झाला व ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजचा प्रमुखही. खेळाने अभ्यास बुडतो असे म्हणणाऱ्या पालकांनी या उदाहरणाचा विचार करावा. आम्हास मात्र त्याच्या विक्रमापेक्षा चार वर्षे आधीची ती खटपट अधिक शिकविणारी वाटते.

येथवर जमेची बाजू झाली. आता नावेची बाजू न वाचता हिशेब बंद करणे हे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात 'हौशी' आणि 'धंदेवाईक' असा एक भेद खेळांत मोठ्या कडकपणे पाळला जाऊ लागला. वरवर पाहता त्यात काही गैर नाही. पैशासाठी न खेळणाऱ्याने तशाच माणसाशी खेळावे, एवढेच त्याचे म्हणणे दिसते. परंतु हेन्ले येथील नौकाशर्यतींच्या कारभाऱ्यांनी १८७९ साली हौशी कोणास म्हणावे याची जी व्याख्या केली, ती वाचली म्हणजे आतली गोम कळते. जो मजुरी घेऊन हाताचे काम करतो किंवा पूर्वी कधी करीत होता, असा यंत्रकारागीर, कारागीर अथवा मजूर हा हौशी नव्हे, असे त्यात स्पष्ट होते. त्याने खेळाबद्दल एक कवडी घेतली नसली तरी नव्हे! म्हणजे प्रश्न खेळाच्या पैशाचा नव्हताच; प्रश्न हाताच्या घट्ट्यांचा होता. या कारभारात दोन्ही विद्यापीठांच्या जुन्या वल्हेकऱ्यांचे वजन मोठे होते, हे विसरता येत नाही. आमच्या देशात जन्मावरून शिवाशिव पाळली गेली. तेथे ती धंद्यावरून पाळली गेली. नाव वेगळे, रोग तोच.

या कलमाचा निवाडा पुढे काळाने कसा केला, ते पाहण्यासारखे आहे. १९२० साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या जॉन केली या वल्हेकऱ्याने हेन्लेच्या एकट्याच्या शर्यतीसाठी अर्ज केला. तो गवंडीकाम केलेला मनुष्य. त्याचा अर्ज नामंजूर झाला; त्याच्या क्लबाविरुद्धची जुनी तक्रार हे एक कारण होतेच, पण त्याने हातमजुरी केली होती हेही कारण कारभाऱ्यांच्या नोंदीत आहे. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याने इंग्लंडच्या वल्हेकऱ्यास मागे टाकून सुवर्णपदक मिळविले. हातमजुरीचे ते कलम १९३७ साली रद्द झाले, आणि १९४७ व १९४९ साली केलीच्याच मुलाने हेन्लेची तीच शर्यत जिंकून बापाचे अपील निकालात काढले. क्रिकेटात तर 'जंटलमन' आणि 'प्लेअर' हा भेद इंग्लंडात १९६२ पर्यंत टिकला.

तथापि न्यायाच्या दृष्टीने हेही नमूद केले पाहिजे की, या रोगावरचे पहिले औषधही ऑक्सफर्डातच निघाले. २४ एप्रिल १८८० रोजी तेथील रँडॉल्फ हॉटेलात क्लेमंट जॅक्सन, माँटेग्यू शिअर्मन आणि बर्नहार्ड वाइज या तिघा ऑक्सफर्डकरांच्या पुढाकाराने अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली, आणि तिने धावण्या-उड्यांच्या सामन्यांपुरते मजुरांस वगळणारे ते कलम काढून टाकले. १९५४ साली बॅनिस्टर धावला तो याच संस्थेच्या बाजूने. यावरून दिसते की, परंपरा आणि सुधारणा या सवती नव्हेत. जी परंपरा आपले वाईट कलम आपणच खोडते, तिचेच आयुष्य वाढते.

दुसरा दोष सत्तेचा. सेसिल र्‍होड्‌सच्या मृत्युपत्रान्वये ऑक्सफर्डात शिकण्यासाठी ज्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, त्यांच्या अटींत विद्येबरोबरच मर्दानी मैदानी खेळांतील आवड व यश यांसही स्थान होते. स्त्रियांस मात्र त्या १९७७ पर्यंत मिळत नव्हत्या. सुदानच्या राज्यकारभारासाठी इंग्रज सरकारने विसाव्या शतकात जे अधिकारी निवडले, त्यांत या दोन विद्यापीठांचे 'ब्लू' इतके भरले होते की, काळ्या लोकांच्या देशावर निळ्या लोकांचे राज्य अशी थट्टाच रूढ झाली. वल्हे चांगले मारता येते म्हणून दुसऱ्याच्या देशावर राज्य करण्यास मनुष्य लायक ठरतो, हे तर्कशास्त्र कोणत्या न्यायालयात टिकेल? खेळाने मनुष्यास हार सोसण्याची सवय लागते हे खरे. पण त्या सवयीचा उपयोग गुलामांस त्यांची हार सोसावयास लावण्यासाठी झाला, हेही तितकेच खरे.

या दारांतून आमचे लोक कसे आत गेले, तेही पाहू. रणजितसिंहजी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत होते. १८९२ साली केंब्रिजचा कप्तान स्टॅन्ली जॅक्सन याने त्यांस विद्यापीठाच्या संघात घेतले नाही. पुढच्या हिवाळ्यात तो लॉर्ड हॉकच्या संघाबरोबर हिंदुस्थानात येऊन येथील खेळ पाहून गेला, आणि १८९३ साली रणजितसिंहजींस 'ब्लू' मिळाला. १८९६ साली इंग्लंडतर्फे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच कसोटी सामन्यात त्यांनी ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या. त्यांच्यामागून त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी केंब्रिजात चमकले, आणि पतौडीच्या नबाबाने १९३१ च्या विद्यापीठ-सामन्यात ऑक्सफर्डतर्फे नाबाद २३८ धावा काढल्या. या पराक्रमांचा आम्हास अभिमान आहे. पण हे सारे राजघराण्यांतले. ज्याच्यापाशी राजवाडा होता, त्याच्यासाठी दार किलकिले झाले.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवू. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडात गेला. ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांच्या संघांशीही तो खेळला. त्या दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद करणारा डावखुरा गोलंदाज होता बाळू पालवणकर. हा चांभाराच्या कुळात जन्मलेला, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची चाकरी करता करता साहेबांस चेंडू टाकून शिकलेला गडी. त्याची विद्या कोणत्याही कॉलेजात झाली नव्हती; पण कॉलेजच्या पदवीधरांस पेचात टाकण्याइतकी ती पक्की होती. आणि या बाळूशी आम्ही स्वतः कसे वागलो? सामन्यात त्याने गडी बाद केले की टाळ्या. चहाची वेळ झाली की त्यास बाहेर मातीच्या भांड्यात चहा! हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्यास शेवटपर्यंत मिळाले नाही. १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला, तेव्हा कोठे त्या अन्यायाचे थोडे परिमार्जन झाले. हेन्लेच्या कलमाविरुद्ध बोलण्याचा अधिकार आम्हास आहे. पण आमचे कलम कागदावर नव्हते, मनात होते, आणि म्हणून ते खोडणे अधिक कठीण होते, हे कबूल केल्याशिवाय तो अधिकार पुरा होत नाही.

स्त्रियांची कहाणीही अशीच. १९२७ साली या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थिनींची पहिली नौकाशर्यत ऑक्सफर्डात झाली, तेव्हा दोन्ही नौकांस एकाच वेळी पाण्यावर धावू दिले नाही. एकीमागून एक वल्हवावयास लावून, वेगाबरोबरच वल्हविण्याच्या डौलासही गुण देण्यात आले. केंब्रिजच्या त्या मुलींस तर त्या काळी विद्यापीठाची पूर्ण पदवीही मिळत नव्हती. ती १९४८ पासून मिळू लागली. १९८१ साली सू ब्राउन हिने ऑक्सफर्डच्या पुरुषांच्या नौकेचे सुकाणू धरले आणि ती नौका जिंकली. अखेर २०१५ पासून स्त्रियांची शर्यत पुरुषांच्याच दिवशी, त्याच मार्गावर होऊ लागली. एवढ्या छोट्या सुधारणेस ८८ वर्षे लागली! या मुदतीत शर्यतीचे नुकसान काय झाले असते, ते अद्याप कोणी दाखवून दिलेले नाही.

आणि पहारेकरी अजून पुरते उठून गेले आहेत असेही नाही. २०२५ साली केंब्रिजच्या काही वल्हेकऱ्यांस शर्यतीतून वगळण्यात आले. कारण ते शाळामास्तर होण्याचे शिक्षण घेत होते, आणि त्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र ही पदवी नव्हे, असा नियमाचा अर्थ लावला गेला. नियम पाळला पाहिजे हे आम्ही वर म्हटलेच आहे. पण नियम लिहिणाऱ्यांनी आपला नियम कोणास बाहेर ठेवतो, याकडे वेळोवेळी पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

मग आम्ही घ्यावे काय? पहिली गोष्ट, कारभार. आमच्या महाविद्यालयांत जिमखाना फी घेतात. तिचे पुढे काय होते, हे फी देणाऱ्या विद्यार्थ्यास पुष्कळदा ठाऊक नसते. आमची सूचना अशी की, प्रत्येक खेळाचा मंत्री विद्यार्थ्यांनी निवडावा, पैसा त्याच्या सहीने खर्च व्हावा, आणि जमाखर्च वर्षातून दोनदा सर्वांस दिसेल अशा फळ्यावर लावावा. कोणी म्हणेल, मुले पैसे खातील. खातील कदाचित, पण उघड्या फळ्यावर खाणे अवघड असते, आणि चुकत माकत का होईना, सार्वजनिक पैशाचा हिशेब देण्यास वीस वर्षांचा मनुष्य शिकला नाही, तर तो पन्नासाव्या वर्षी नगरपालिकेत जाऊन काय शिकणार?

दुसरी गोष्ट, खालची फळी. आमच्याकडे विद्यापीठाचा एक संघ निवडतात, तो बाहेरगावी जाऊन ढाल जिंकतो, तिचे छायाचित्र निघते आणि बाकीचे विद्यार्थी टाळ्या वाजवून घरी जातात. हा खेळ नव्हे, तमाशा आहे. वसतिगृहावार, वर्गावार संघ असावेत. वर्षाची बाकी पुढे ओढणाऱ्या स्पर्धा असाव्यात. आमच्याकडे नदी नाही, पैसा नाही, मुले दुरून येतात, ही सबब आम्हास ठाऊक आहे. पण खो-खो, हुतुतू, लंगडी यांस लागते काय? चार खुंट्या, थोडी फक्की, आणि कोणी बांधकाम केले नाही अशी मोकळी जागा. जे व्यापारी गृहस्थ विद्यालयांस चांदीचे पेले व ढाली देतात, त्यांस आमची नम्र विनंती आहे की, पेल्यात पाणी पिता येते, धावता येत नाही. तो पैसा जमीन राखण्यात खर्चावा.

तिसरी गोष्ट, दार. मैदानावर येणाऱ्यास त्याचे आडनाव, त्याच्या बापाचा धंदा, त्याची इंग्रजी आणि त्याचे बूट विचारू नयेत; आणि मुलींस मैदानाची वेळ उरलीसुरली देऊ नये. मैदान झाडणाऱ्या माणसाचा मुलगा त्या मैदानावर खेळू शकतो की नाही, ही आमच्या मते कोणत्याही क्रीडापरंपरेची एकच कसोटी आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिज या कसोटीस पुष्कळ वर्षे उतरली नाहीत; आता हळूहळू उतरू लागली आहेत. आम्हास त्यांची दोनशे वर्षे मोजून पुन्हा काढण्याचे कारण नाही. येत्या जूनमध्ये महाविद्यालये उघडतील. तेव्हा जिमखान्याचा हिशेब मागणारा पहिला अर्ज कोणत्या महाविद्यालयातील विद्यार्थी देतात, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.